फळीवरची थंडी

आणे गावाहून पहिलं पोस्टकार्ड आलं तेव्हा दादाला फौजेतून कायमचं घरी येऊन दोन महिने झाले होते. अक्षर कुणातरी शाळकरी पोरीचं, गोल गोल, आणि मजकूर एवढाच होता: माझा मुलगा आणि तुम्ही बर्फावर एकत्र होता असे समजले. तो शेवटी कसा होता, हे सांगायला एकदा येऊन जावे. खाली त्या मुलाच्या आईचा अंगठा होता. मी ते कार्ड दादाच्या हातात दिलं. त्याने वाचलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि मला विचारलं, "आज लाइट किती वाजता हाय?" उसाला पाणी द्यायचं होतं.

दादा डाव्या पायाची तीन बोटं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिकडेच ठेवून आला होता. 'ठेवून आला' हा आमच्या आईचा शब्द, जणू पुढच्या सुट्टीत आणता आली असती. आमच्या निरगुडसरमधली माणसं सुरुवातीला रोज यायची. कुणी विचारायचं, "कसं व्हतं राव तिकडं?" दादा म्हणायचा, "थंडी लई व्हती." एवढंच. महिन्याभराने माणसं यायची थांबली.

ज्याच्या आईचं कार्ड आलं तो आणे गावचा. आमच्या घरात त्याला 'आण्याचा' म्हणायचे, कारण दादाच्या पत्रांत तो तसाच यायचा. आण्याचा असं म्हणाला, आण्याच्याने भाकरी थापायचा प्रयत्न केला, आण्याचा घोरतो. दोघे एकाच तुकडीत, एकाच तंबूत होते. आण्याचा गेला आणि दादा आला. तो कसा गेला हे फक्त दादाला माहीत होतं आणि दादा सांगत नव्हता. त्याच्या आईला तेवढंच हवं होतं. पेन्शन, सत्कार, फोटो सगळं तिच्यापर्यंत पोहोचलं होतं, एवढंच पोहोचलं नव्हतं.

पुढे जे झालं ते आमच्या खेळामुळे झालं, म्हणून आधी तो सांगते.

आमच्या घरात दिवाळी नव्हती. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि जुने सण सोडले. वडील एसटीत कंडक्टर, ते आजोबांपेक्षा कडक. दिवाळीच्या सुट्टीत गावातली झाडून सगळी पोरं दारात मातीचे किल्ले करायची, त्यावर हळीव पेरायची, बाजारातून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे करायची. मी आणि दादा फिरून बघून यायचो. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा घरात भांडण काढलं. मी भांडखोर होते, अजूनही आहे. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी वडील ड्यूटीवरून आले ते एक करंडी घेऊन. भाऊबीज उलटून गेली होती. जुन्नरच्या स्टँडाबाहेर एक कुंभारीण उरलेले मावळे विकून मोकळी होत होती, त्यांनी तिची सगळी करंडीच उचलली होती. "दिवाळी संपल्यावर आनलेत," ते आईला म्हणाले, "म्हंजे हे सनाचे न्हवंत. खेळन्यातले हायेत."

सणाचे नव्हते म्हणून दारात किल्ला करता येईना. मग गोठ्याचं एक जुनं दार होतं ते दोन पत्र्याच्या डब्यांवर आडवं टाकलं. सिमेंटच्या पिशवीचा कागद चुरगाळून डोंगर केले, माती लावली, गोणपाटाचं रान केलं. आणि दारात मांडून लोकांना दाखवायचं नसल्यामुळे आम्ही त्यावर लढाया करू लागलो. निम्मे मावळे त्याचे, निम्मे माझे. माझ्यांना ओळखायला डोक्यावर चुन्याचा ठिपका. एका डावात एक वीत चालायचं. समोरासमोर आले की सापशिडीतला फासा टाकायचा, मोठा आकडा त्याचा विजय.

दादा दर वेळी जिंकायचा. तो सगळे मावळे एका जागी गोळा करून चालून यायचा आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणून मी जागेचे धोके काढले. हे धोके मला वडिलांकडून मिळाले. ते तळेघरच्या गाडीवर असताना पावसाळ्यात धुकं इतकं उतरायचं की ते खाली उतरून गाडीपुढे चालायचे आणि ड्रायव्हर त्यांच्या पाठीवर नजर ठेवून गाडी आणायचा. तर माझा पहिला नियम असा: धुक्यात शिरलेला मावळा कुठे वळायचा ते समोरच्याने ठरवायचं. मग शेवाळाचा कडा. मग आग्या मोहोळ: कड्याखाली तोफ उडवली की माश्या उठतात आणि दोन्ही बाजूंचे मावळे पळतात. मग उसाचं रान, त्यात मावळा दिसत नाही पण फाशावर एक पडला तर बिबट्या. आईच्या जुन्या निळ्या पदराची नदी केली होती, तिला पूर यायचा.

दादा चिडायचा. "लढाईत मानूस मानसाला मारतो. धुकं काय मारतंय?"

"मग जा की तळेघरच्या घाटात," मी म्हणायचे.

नियम मी वहीत लिहायचे, तो ते पान फाडायचा, मी परत लिहायचे. त्या वहीत शेवटी शेवटी शिलाई आणि थोडीच पानं उरली होती. पण तो खेळायचा. एकदा त्याचे सगळे मावळे मोहोळाने पळवले तेव्हा तो तासभर माझ्याशी बोलला नाही आणि मग येऊन म्हणाला, मोहोळाला धूर करायचा नियम का न्हाई? तो नियम त्याचा. चांगला होता.

नंतर तो कालव्याच्या रस्त्याने पहाटे पळू लागला, छाती मोजू लागला आणि एक दिवस भरती होऊन गेला. दार-फळी कणगीमागे उभी राहिली. मी डीएड केलं, वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका झाले. माझं लग्न जमायचं आणि मोडायचं. पाहुण्यांना मास्तरीण हवी असायची, तिचं तोंड नको असायचं.

तो परत आला तेव्हा घरातलं सगळं बसकं झालं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. आई त्याचा पाय बघायची नाही. वडील रिटायर झाले होते, ते दिवसभर रेडिओच्या शेजारी बसायचे आणि रेडिओ बंद असायचा. दादा सकाळी कालव्यावर जाऊन बसायचा. एकदा आईने त्याला उकळता चहा दिला, तर तो ग्लास त्या दोन बोटांनी धरून बसला, बोटं लाल होईपर्यंत. त्याला कळलंच नव्हतं. आईने ग्लास काढून घेतला आणि दुसऱ्या हातात दिला.  मला काही वाटतच नव्हतं. शाळेत जायचे, पाढे म्हणून घ्यायचे, घरी यायचे.

दुसरं कार्ड आलं, मजकूर तोच. तिसरं आलं ते दिवाळीनंतर. त्यात लिहिलं होतं, तुम्हाला येणे होत नसेल तर मी येते, माझे गुडघे दुखतात पण एसटीने येईन.

"तिला येऊ देऊ नगं," दादा म्हणाला.

"मग तू जा."

तो कालव्यावर निघून गेला.

त्या रविवारी मी कणगीमागची फळी बाहेर काढली. उंदरांमुळे काढली असं आईला सांगितलं. करंडीतल्या भुश्यात मावळे तसेच होते, नाकं झिजलेली, एकाचा हात तुटलेला. दादा दारात येऊन उभा राहिला. त्याने एक मावळा उचलून उजेडात धरला.

"खेळतो?" मी विचारलं.

"नियम वाच."

मग आम्ही दर रविवारी दुपारी खेळू लागलो. चांगलं वाटायला हवं होतं. पण तो जिंकायला खेळत नव्हता. फासा टाकायचा, मावळा सरकवायचा, हरायचा, परत मांडायचा. आधी एका बाजूला फौज गोळा करणारा माणूस आता एकेक मावळा धुक्यात पाठवून द्यायचा. तीन रविवार मी जिंकले आणि तिसऱ्याला माझं डोकं फिरलं. भांडायला समोर कुणीतरी लागतं ना. समोर कुणी नव्हतंच.

म्हणून मी ते केलं. पुढच्या रविवारी शाळेतून खडूचा भुगा आणला, पिशवीभर, आणि फळीचा वरचा अर्धा भाग पांढरा केला. वहीत नवा नियम लिहिला: पांढऱ्यात शिरलेल्या मावळ्याने दर डावाला फासा टाकावा, एक पडल्यास थंडीने बाद. मी काय करतेय हे मला चांगलं माहीत होतं. वाईट होतं ते. केलं.

दादाने पांढऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. नियम वाचला.

"थंडी फाशावर नसती," तो म्हणाला.

परत आल्यापासून बर्फाबद्दल 'लई व्हती' सोडून हे त्याचं पहिलं वाक्य. मी मान वर केली नाही. "मग कशावर असती?"

"मोजनीवर."

त्याने आत जाऊन ओंजळभर ज्वारी आणली. पांढऱ्यात एक डाव काढला की मावळ्याशेजारी एक दाणा ठेवायचा. बसून राहिला तर दोन. वारा असेल तर आणखी एक. पाच दाणे झाले की हात चालत नाही, तो वार करू शकत नाही. आठ झाले की पाय बधिर, तो अर्धी वीत चालतो. तो सांगत गेला, मी लिहीत गेले.

"आठाच्या फुडं दुखायचं थांबतं," तो म्हणाला. "त्याला बरं वाटतं. गप्पा मारतो. म्हनून आपलं दाने त्यानं सोता मोजायचं न्हाईत. जोडीदारानं मोजायचं."

"जोडीदार कोण?"

"जोडीनंच पाठवायचं. येकटा पाठवायचा न्हाई. लिही."

मी लिहिलं. असे चार रविवार गेले. नियम बारा झाले. तंबूचा नियम, तंबूवर बर्फ साचल्याचा नियम, रस्ता बुजल्याचा नियम. तो सांगताना आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता, तिकीट फाडताना वडील थांब्यांची नावं घ्यायचे तसा. मीही मास्तरणीसारखी विचारत होते: हे स्पष्ट नाही, हे आधीच्या नियमाशी जुळत नाही. मला मनातून भीती होती की मी एक शब्द वेगळा बोलले तर तो उठून जाईल.

चौथ्या रविवारी तंबूतल्या स्टोचा प्रश्न आला. दाणे कमी कसे व्हायचे?

"तंबूत बसला की येका डावाला येक दाना कमी," तो म्हणाला.

"आणि पाय शेकला तर? मग पटकन चार-पाच कमी करू की."

मी सहज म्हणाले. आपल्याकडे पाय गार पडला तर शेकायचाच असतो. पौषात आई आमचे पाय चुलीपुढे घ्यायची, तव्यावर फडकं तापवून तळव्यांना लावायची, आपल्या गालाला लावून बघायची आणि परत तापवायची. गावात कुणाच्याही घरी हेच. बाळंतिणीला शेक, म्हाताऱ्याला शेक, तापातून उठलेल्याला शेक.

दादाने दाण्यांची एक ओळ बोटाने सरळ केली. "लिही," तो म्हणाला. "गोठलेला पाय, मावळा अर्धी वीत चालतो. शेकलेला पाय, मावळा चालत न्हाई. पडून ऱ्हातो. त्याला चौघांनी उचलायचा. उचलनारे अर्धी वीत."

"उलटं सांगतोय तू. शेकल्यावर बरा व्हायला पायजे."

"उलटं न्हाई."

"मग शेकेल कोण? असा नियम ठेवला तर कुणीच शेकणार नाही. नियमाला अर्थ काय?"

"ज्याला म्हाईत न्हाई त्यो शेकतो," दादा म्हणाला. "आन ज्याला म्हाईत हाय पन बघवत न्हाई, त्योबी."

मी पेन खाली ठेवलं नाही. तो मावळ्यांकडे बघत बोलत होता.

"लाकूड झालं व्हतं आन्याच्याचं पाय. टिचकी मारली तर आवाज यायचा. लाकडाच्या पायानं मानूस चालतो, तायडे. हळू चालतो, पन चालतो. सकाळी खाली उतरायचं व्हतं. आमाला शिकवलं व्हतं, आगीला धरू नका, चोळू नका, खाली नेईपर्यंत तसंच ऱ्हाऊ द्या. समदं शिकवलं व्हतं. त्यो म्हनला, आई असती तर शेक दिला असता. मी म्हनलं, गप पड. थोड्या येळानं परत म्हनला. मग मी दिला."

"कशाने?"

"मोजा तापवला स्टोवर. मग पायच धरला जवळ. त्याला कळत न्हवतं किती तापलंय, मलाबी कळंना, माझीबी बोटं गेली व्हती. वास आला तवा कळलं."

आत आई भांडी घासत होती, तो आवाज येत होता.

"सकाळी त्याला हुबं ऱ्हाता येईना. चौघांनी आळीपाळीनं आनला. अर्धी वीत, अर्धी वीत. मधीच वारं सुटलं. तिसऱ्या दिवशी खाली पोचलो तवा त्यो न्हवता." मग म्हणाला, "शेक दिला नसता तर चालत आला असता. बोटं गेली असती. माझ्यासारखी."

मी विचारलं, "हा नियम कितवा?"

"तेरावा."

मी तेरा आकडा घातला आणि त्याने सांगितलेला नियम लिहून काढला. खाली रेघ मारली. मला काही वाटलं नाही, हे मी खरं सांगते. भिंतीला डोकं टेकवून बसलं की कसं गार लागतं, तेवढंच. नंतर आम्ही तो डाव पुरा केला. त्याने एकाही मावळ्याला स्टोजवळ नेलं नाही. संध्याकाळी आईने विचारलं, काय बोलत व्हता एवढं, तर मी म्हणाले, नियम.

दोन दिवसांनी मीच विषय काढला. म्हणाले, आता तुला जावं लागेल.

"जाऊन काय सांगू?"

"जे मला सांगितलं ते."

"ती म्हनंल, मी मारला."

"नाही म्हणणार."

"म्हनंल. मी म्हनलो असतो." मग तो म्हणाला, "खरं सांगायचं न्हाई तर जायचं कशाला. आन सांगायचं तर जायचं कसं."

पण मी हटणारी नव्हते. मी म्हणाले, मी येते. तुझं तोंड उघडलं नाही तर मी सांगेन. तिला खरं कळायलाच पाहिजे, तीन कार्डं आलीत, ती काय लाडू मागत नाही. मला तेव्हा वाटत होतं की खरं सांगून टाकलं की दादा मोकळा होईल. माझा तसा स्वभावच आहे, पोटात काही ठेवायचं नाही. दादाने मान डोलावली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही ते पाठ केलं, अगदी धड्यासारखं. आधी कुठे होतो ते. मग त्याचे पाय. मग शेक. मग उतरणं.

आम्ही मंचरला गाडी धरली, नारायणगावला बदलली, आळेफाट्याला नगरची गाडी मिळाली. जानेवारीचे दिवस होते. आणे घाट चढून गाडी वर पठारावर आली की बाहेरचा हिरवा रंग संपला. आमच्याकडे कालव्यामुळे बारा महिने ऊस, इथे बाजरीची धाटं उभी होती आणि वारा सरळ अंगावर येत होता. दादा बुटात कापूस भरून चालायचा. स्टँडपासून तो हळू चालला. मी पुढे होऊन घर विचारलं. विचारावं लागलंच नाही, फौजीचं घर म्हटल्यावर चार माणसांनी बोट केलं.

ती ओट्यावरच होती. बारीक बाई, विटकं लुगडं, कपाळ मोकळं. दादाला बघून उठली. पाणी दिलं. घरात हार घातलेला फोटो होता, त्यात आण्याचा मला वाटला होता त्याहून लहान दिसत होता. आम्ही घोंगडीवर बसलो. दादाने पाठ केल्याप्रमाणे सुरुवात केली. आमी येका तंबूत व्हतो. उंची लई व्हती. त्याचं पाय गार पडलं. इथे तो थांबला.

बाईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "येकच इचारते, लेकरा," ती म्हणाली. "बाकी मला समजायचं न्हाई. लहानपनापासनं त्याच्या पायाला थंडी बाधायची. पौषात रडायचा. मी शेकायची तवा झोपायचा. समद्यांनी सांगितलं, लई शूर व्हता, देशासाठी गेला. कुनी ह्ये सांगत न्हाई. तिथं त्याला कुनी शेक दिला का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे आता मी बोलायचं होतं. मी चारचौघांत तोंड उघडायला कधी घाबरले नाही. शाळेत साहेबांशी भांडले, पाहुण्यांशी भांडले. तिथे माझं तोंड उघडलं नाही.

"दिला," दादा म्हणाला. "मी दिला."

"तू?"

"स्टोवर. मोजा तापवून."

"मग कसा व्हता?"

"म्हनला, आता बरं वाटतंय." हे खरं होतं. मला ते आठव्या दाण्यापुढच्या नियमामुळे माहीत होतं.

मला वाटलं आता ती रडेल, निदान मी तरी रडेन. तसं काही झालं नाही. मला राग आला होता, तिचा आला, दादाचा आला, माझा आला, आणि तोही फार वेळ टिकला नाही. मग ती म्हणाली, "तेवढंच व्हतं माझं. मला वाटायचं कुनी हातबी लावला नसंल." आणि उठून चुलीकडे गेली. आम्हाला वाटलं चहा ठेवायला गेली असेल.

दादाने बूट बाहेर काढला होता. वाऱ्याने पाय निळसर झाला होता आणि बोटं नसलेली बाजू दिसत होती. परत आल्यावर त्याने तो पाय कुणाला दाखवला नव्हता, आईलासुद्धा नाही. आता लपवायला उशीर झाला होता. ती तव्यावर फडकं तापवून घेऊन आली, घोंगडीशेजारी खाली बसली आणि काही न विचारता त्याचा पाय मांडीवर घेतला. फडकं आधी आपल्या गालाला लावून बघितलं. मग दाबून धरलं, ज्या जागी बोटं नव्हती तिथेच.

त्या जागेला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, सुई टोचली तरी नाही. पाय मागे घ्यायला दादाचे हात खाली गेले होते, ते घोंगडीवरच थांबले.

"ऊब लागती का रं?" तिने विचारलं.

"लागती, आई," दादा म्हणाला.

ती फडकं परत तापवायला उठली.